हलका धक्का

माझ्या बायकोचा मला हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, पोटात दुखेल इतका. लोक शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, साडूच्या बंगल्यावर जळतात. मला तेवढं लांब जावं लागत नाही. सकाळचा चहा मी करतो, कप तिच्या हातात देतो, तेवढ्यात तिचा फोन वाजतो आणि कुठल्यातरी लांबच्या विद्यापीठातला माणूस तिला व्याख्यानाला बोलावत असतो. ती म्हणते, बघते जमतंय का. बघते जमतंय का! मला कुणी बोलावलं असतं तर फोन ठेवायच्या आत मी बॅग भरली असती.

आम्ही दोघं एकाच विभागात एकच विषय शिकवतो, नियंत्रण प्रणाली. आई शेजारणींना सांगते की आमचा मुलगा आणि सून यंत्रांना वळण लावतात. याहून चांगली व्याख्या पन्नाशी गाठली तरी मला सुचलेली नाही. यंत्राने काय करायला हवं, ते प्रत्यक्षात काय करतंय, दोन्हींत फरक किती, आणि तो फरक बघून त्याला ताळ्यावर कसं आणायचं, एवढाच आमचा धंदा. अर्थात आई हे सांगते तेव्हा सून या शब्दावर जो जोर येतो, तो मला बरोबर ऐकू येतो. सुनेचा फोटो पेपरात आला तेव्हा आईने तो कापून न्हाणीघरातल्या आरशाच्या कडेला खोचला. रोज दाढी करताना मी अर्धा मला बघतो आणि अर्धा तिला.

आता गंमत अशी की या बाईला हा विषय शिकवला कुणी? मी. आमच्या सरांकडे संशोधनाला मी आधी आलो, ती माझ्यामागून चार वर्षांनी. सर कामात असले की नव्या मंडळींना फळ्यापुढे उभं करायचं काम माझ्याकडे असायचं. दुसऱ्याच आठवड्यात ती 'अहो सर'वरून 'अरे'वर आली. एखादं गणित मी तिच्याआधी सोडवलं की तिच्या दोन भुवयांच्या मध्ये एक उभी आठी पडायची. रागाची नव्हे. हा माणूस माझ्या पुढे कसा गेला, अशी. त्या आठीवर मी भाळलो म्हटलं तरी चालेल. लग्नानंतरही ती आठी काही वर्षं टिकली, मग कधी गेली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मुलीच्या वेळी तिची दोन-तीन वर्षं घरात गेली. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, आता आपण पुढेच. कसलं काय! ती परत आली आणि मी ज्या प्रश्नावर दहा वर्षं डोकं आपटत होतो, त्याच्या शेजारचा प्रश्न तिने उचलला. सोपा दिसत होता म्हणून मी तो सोडून दिला होता. त्यातून तिचे निबंध निघाले, निबंधांतून नाव, नावातून निमंत्रणं. एका परिषदेला तिच्याबरोबर गेलो तर नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने माझ्या गळ्यात कार्ड घातलं, त्यावर लिहिलेलं 'सोबतची व्यक्ती'. मी त्या परिषदेत स्वतःचा निबंध वाचायला आलो होतो हो. माझ्या प्रबंधाचा आधार आजवर तीनदा घेतला गेलाय. दोनदा मी स्वतः, आणि तिसऱ्यांदा बायकोने, तळटीपेत. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आमच्या घरात तिचं पिकतंही आणि विकतंही. माझं नुसतंच पिकतं.

आणि हे सगळं करून ती वाईट असती तर मला केवढं सोपं गेलं असतं. पण नाही. विभागात ती मला सर म्हणते, आईपुढे अहो म्हणते, दार लावल्यावर तू म्हणते, आणि तिन्हीत तिचा सूर सारखाच चांगला असतो. याने माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

तर, विभागातली प्रोफेसरची जागा रिकामी झाली. बाहेरचे लोक आम्हाला सगळ्यांनाच प्रोफेसर म्हणतात, पण खरं पद एकच. माझ्या निवृत्तीआधी दुसरं निघणार नव्हतं. म्हणजे मिळालं तर आता, नाहीतर दारावरच्या पाटीवर 'सहयोगी' हा शब्द घेऊनच मी घरी जाणार होतो. तिच्याकडे अजून वर्षं होती. तिने मला सरळ विचारलं, मी अर्ज करू नको का? मला म्हणायचं होतं, नको करूस, बाई, एवढं एक मला राहू दे. पण मी म्हटलं, "कर की. तुला कुणी अडवलंय?" हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

निवड समितीने सांगितलं की प्रत्येक उमेदवाराने एक तास शिकवावं आणि आपलं एक यंत्र चालवून दाखवावं. आमच्या विषयात यंत्र म्हणजे बहुतेक वेळा उलटा लंबक. रुळावर मागेपुढे धावणारी छोटी गाडी, गाडीवर बिजागरी, आणि बिजागरीवर हातभर लांबीची सळई, टोक वर. लहानपणी तळहातावर झाडू उभा धरायचा खेळ आपण सगळे खेळलो आहोत. तोच खेळ मोटरने खेळायचा. सळई डावीकडे कलली की गाडी डावीकडे पळते, उजवीकडे कलली की उजवीकडे, आणि सळई उभी राहते. मी माझी गाडी नव्याने बांधली. मोटर बदलली, प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहिला, अख्खी सुट्टी घालवली. तिने आपली जुनीच घेतली. त्याचाही मला राग आला.

आमच्या सरांचा एक नियम होता. ते गेले तरी आम्ही दोघांनी तो मोडलेला नव्हता. कुठलंही यंत्र लोकांना दाखवायच्या आधी त्याला धक्का द्यायचा, आणि तो धक्का बांधणाऱ्याने द्यायचा नाही, दुसऱ्याने द्यायचा. सर म्हणायचे, आपला हात लबाड असतो. कुठे दुखतंय ते त्याला आतून माहीत असतं, आणि नेमका तिथेच तो लागत नाही. म्हणून लग्न झाल्यापासून माझ्या यंत्राला धक्का ती देत आलीय आणि तिच्या यंत्राला मी. तिचा धक्का मोठा निर्दय. आधी टिचकी, मग तळहात, आणि शेवटी धरून ठेवायची परीक्षा. सळई दोन बोटांत तिरकी पकडायची आणि सतराचा पाढा संपेपर्यंत सोडायची नाही. पाढा ती मोठ्याने म्हणते. विद्यार्थी हसतात, पण त्या पाढ्याने त्यांचे चांगले चांगले प्रयोग आडवे केलेत.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेलो. तास संपले होते, पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी बाकं ओढत होतं. आधी माझी गाडी. मी बटण दाबलं, सळई उभी राहिली. तिने टिचकी मारली, सळई डुलली आणि सावरली. तिने तळहाताने ढकलली, गाडी सुर्रकन जाऊन परत आली. मग तिने सळईला दोन बोटं लावली, आणि काढून घेतली. म्हणाली, "छान आहे. खरंच छान उभी आहे."

तिच्या तोंडून छान ऐकून किती दिवस झाले होते! खोटं कशाला बोलू, मला गहिवरून आलं. त्या गहिवरात मी दुसरं काही बघितलं नाही.

मग तिची गाडी. मी बाह्या सरसावल्या. तुम्हाला वाटेल, धक्का देताना माणूस सज्जनपणे देत असेल. छे! त्या परिषदेतलं कार्ड, आरशातलं कात्रण, तळटीप, सगळं माझ्या हातात उतरलं होतं. ही सळई पडावी, माझ्या हाताने पडावी, असं मला मनापासून वाटत होतं. मी डावीकडून दिला, उजवीकडून दिला, धरून ठेवली, सोडली, परत दिला. सळई आपली उभीच. शेवटी मी एकाच बाजूने लागोपाठ असे काही दणके दिले की टेबल हललं. तेव्हा कुठे गाडी वेड्यासारखी एका टोकाकडे सरकायला लागली, आणि सळई पडली. सळईचा कोन मोजणारी चकती बिजागरीच्या दांड्यावर घसरली होती. स्क्रू नुसता घट्ट होता, दांड्याला धरायला सपाट जागाच नव्हती. वाकडी सळई यंत्राला सरळ वाटत होती. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलो. ती मात्र हसली, दांडा काढला, कानस घेऊन त्याला एका बाजूने सपाट केला, स्क्रू परत बसवला, आणि म्हणाली की हे माझ्याशिवाय कुणाला सापडलं नसतं. झालं, म्हणजे माझ्या जळण्याचाही फायदा हिलाच.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष बाहेरच्या विद्यापीठातले एक म्हातारे प्राध्यापक होते, काठी घेऊन चालणारे, पण वस्तू दिसली की हात लावल्याशिवाय न राहणारे. तिचा नंबर आधी होता. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून काठी टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग सगळे हसल्याचा. ती बाहेर आली, मला म्हणाली की अध्यक्ष सळईला चक्क काठीने ढोसतात, सांभाळ. मी म्हटलं, ढोसू देत.

तास चांगला झाला. शिकवण्यात मी कुणाला हार जाणारा नाही, तिलासुद्धा नाही. अध्यक्ष मान हलवत होते. मग मी गाडी सुरू केली आणि बाजूला उभा राहिलो. त्यांनी काठीने ढोसलं, सळई झकास सावरली. ते खूश झाले, जवळ आले, सळई दोन बोटांत धरली आणि तशीच धरून मला प्रश्न विचारू लागले. प्रश्न लांब होता. सतराच्या पाढ्यापेक्षा लांब होता. त्यात त्यांच्या तरुणपणीची एक आठवणही होती. मी ऐकत होतो, आणि मध्येच मोटरचा आवाज माझ्या कानावर आला. तो चढत होता. चढायला नको होता. मी म्हणालो, "सर, सोडू नका." म्हणेपर्यंत त्यांनी सोडली होती.

गाडी रुळाच्या टोकाला अशी काही आदळली की टोकाचा अडसर उखडला आणि ती सळईसकट टेबलावरून खाली, अध्यक्षांच्या बुटांपाशी. अध्यक्षांनी काठीने ती हळूच बाजूला केली आणि मला अगदी प्रेमाने विचारलं की आधी कुणाला दाखवलं नव्हतं का. मी म्हटलं, दाखवलं होतं. निकाल लागायला आठवडा होता, पण निकाल तिथे जमिनीवर पडलेला सगळ्यांना दिसत होता.

समिती जेवायला गेली. मी गाडी उचलून टेबलावर ठेवली आणि प्रोग्रॅम उघडला. काय झालं ते मला माहीतच होतं, दर वर्षी मी ते पोरांना शिकवतो. सळई कुणी धरून ठेवली तर यंत्राला ते कळत नाही. त्याला वाटतं, मी एवढं करतोय तरी ही सरळ होत नाही, म्हणजे माझंच कमी पडतंय. मग ते चुकीचा हिशोब साठवत जातं, जोर वाढवत जातं, आणि हात सुटला की साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं. म्हणून साठवणीला मर्यादा घालायची असते. प्रोग्रॅममध्ये एक ओळ लागते. सुट्टीत आधी सगळं कॉम्प्युटरवर चालवून बघताना मी ती ओळ काढून ठेवली होती, कारण कॉम्प्युटरमधल्या सळईला कोण धरणार? परत घालायची राहिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पण माझं लक्ष त्या ओळीवर नव्हतं. मला आदल्या दिवशीची तिची दोन बोटं आठवत होती. सळईला लागली, आणि निघाली. पाढा कुठे होता? इतक्या वर्षांत तिने पाढा म्हटला नाही असं कधी झालं नव्हतं.

ती आत आली तेव्हा मी वर बघितलं नाही.

"तुझा धक्का हलका होता," मी म्हणालो.

माझी अपेक्षा होती की ती नाही म्हणेल, विसरले म्हणेल. तिने शेजारचं स्टूल ओढलं आणि बसली.

"हो," ती म्हणाली. "बोटांना कळलं होतं. आतून जोर चढत होता. मी सोडून दिलं."

"का?"

"तू किती दिवस धड जेवला नव्हतास. मला वाटलं, आत्ता माझ्या हातून ही आपटली तर तू मोडून जाशील. म्हटलं, तिथे कोण एवढा वेळ धरून ठेवणार आहे."

मला वाटलं होतं मी चिडेन. चिडलो असतो तर बरं झालं असतं. ती मुद्दाम माझा पाय ओढायला गप्प बसली असती, तर मी तिला जन्मभर शिव्या देत सुखाने जगलो असतो. पण तिने माझी दया केली होती. जी गोष्ट टिकेल अशी खात्री असते, तिला माणूस दणके देतो. पडेल अशी खात्री असते, तिला नुसतं बोट लावतो.

"मी तुझ्यावर जळतो," मी म्हणालो. "आज नाही, कितीतरी वर्षं. म्हणून काल तुझ्या सळईला मी जीव तोडून दणके दिले. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर मी दुसऱ्या कुणाला देऊ देत नाही."

"तू माझ्यावर कधी जळलीस?"

ही बाई प्रश्नाचं उत्तर विचार करून देते, मग प्रश्न कुठलाही असो. तिने विचार केला.

"सरांकडे होते तेव्हा," ती म्हणाली. "तू फळ्यावर भराभरा सोडवायचास तेव्हा. झोप यायची नाही मला."

"आणि नंतर?"

बाहेर बाकं ओढल्याचा आवाज आला, थांबला. तिने माझ्याकडे बघितलं आणि खाली टेबलाकडे बघितलं, आणि तेच उत्तर होतं.

जागा गेल्याचं मला इतकं लागलं नाही, जितकं ते गप्प बसणं लागलं. माझ्या पोटात वर्षानुवर्षं आग पेटलेली, आणि समोर धूरसुद्धा नाही. मी तिचा स्पर्धक आहे या समजुतीत जगत होतो, आणि तिच्या लेखी मी कधीच घरचा माणूस झालो होतो, ज्याला सांभाळून घ्यायचं.

मी प्रोग्रॅममध्ये ती ओळ घातली. उखडलेला अडसर दोन स्क्रूंनी परत बसवला. एक स्क्रू दोनदा खाली पडला, तिने स्क्रूड्रायव्हर मागितला, मी दिला नाही. गाडी सुरू केली, सळई उभी राहिली.

"आता दे," मी म्हणालो. "आणि हलका दिलास तर याद राख."

तिने सळई पकडली. पाढा सुरू केला, सतरा, चौतीस, एक्कावन्न, मोठ्याने, वर्गात म्हणते तसा. एकशे सत्तरला सोडली. सळई डुलली आणि उभी राहिली. मग तिने तळहाताने अशी काही ठेवून दिली की गाडी टोकाला जाऊन आदळली आणि सळई पडली.

"पडली," ती म्हणाली. आवाजात माया अजिबात नव्हती.

मी सळई उचलली, प्रोग्रॅममधला एक आकडा वाढवला. तिने परत दिला, दोन्ही हातांनी. परत पडली. मी दुसरा आकडा कमी केला. आता तिने पदर खोचला, एक पाऊल मागे गेली आणि जो धक्का दिला तो तिच्या स्वतःच्या यंत्राला मी कधी दिला नव्हता. गाडी टोकाकडे सुसाट गेली, टोकाच्या अलीकडे थांबली, मागे आली. सळई एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झाली, आणि स्थिर झाली. तिच्या सळईला सावरायला लागतो त्याच्या निम्म्याहून कमी वेळात. नवी मोटर, सुट्टीची मेहनत, सगळं त्यात होतं. समितीपुढे दिसायला हवं होतं ते सगळं.

तिने वाकून गाडीकडे बघितलं. मग बाजूला तिची गाडी होती तिकडे बघितलं. मग परत माझ्या गाडीकडे.

"कोणता आकडा बदललास?" तिने विचारलं.

मी सांगितलं नाही. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये एक उभी आठी पडली होती, आणि मी ती बघत उभा होतो.